वडूजची करवत

चहाचा कप समोर आला की काका आधी त्याच्या कानाला नखाने टिचकी मारायचे. मान तिरकी करून ऐकायचे. आवाज पटला तर कप उचलायचे; नाही पटला तर चहा बशीत ओतून घ्यायचे आणि कप काकींकडे सरकवून म्हणायचे, "ह्यो आता तुळशीला पानी घालाय ठेव." काकी, म्हणजे त्यांची बायको, तो कप मुकाट्याने न्यायच्या, धुवायच्या आणि पुन्हा फळीवर ठेवायच्या. त्यांच्याकडे तुळस नव्हतीच. एकच कप तीनदा नापास होताना मी पाहिला आहे.

खुर्चीत बसण्याआधी ते तिचे चारी पाय हलवून बघत. एसटीत चढले की दांडी आधी गदगदा हलवायची, मगच धरायची. वडूज डेपोचे कंडक्टर त्यांना ओळखून होते. "काय मिल्ट्री, दांडी पास का नापास?" असं विचारायचे. त्या भागात पलटणीतून परत आलेल्याला मिल्ट्रीच म्हणतात, आणि त्यांच्या गावात तसे पाचसहा जण होते, पण नुसतं मिल्ट्री म्हटलं की हेच. मी त्यांना काका म्हणायचो. आमच्या धंद्यातले लोक मात्र पाठीमागे त्यांना 'करवत' म्हणत, आणि म्हणण्याआधी इकडेतिकडे बघून घेत.

आमचा धंदा शर्यतीच्या सायकलींच्या फ्रेमा बनवण्याचा. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सांगली-साताऱ्याकडे सायकल शर्यतींचं भलतंच वेड होतं. जत्रा असो, कुणाचा वाढदिवस असो, शर्यत लागायचीच. कारखान्यातून येणारी सायकल दूध घालायला उत्तम, पण तिच्यावर शर्यत जिंकायची म्हणजे म्हशीवरून वरात काढायची. मग आम्ही चारपाच जण पत्र्याच्या शेडमध्ये, बसणाऱ्याच्या मापाने हलक्या नळ्या कापून, वितळलेल्या पितळाने सांधे झाळून फ्रेमा करायचो आणि वर आपापलं नाव रंगवायचो. एक मिरजेचा, एक कराडचा, एक इस्लामपूरचा, आणि सांगलीत मी. माझ्या फ्रेमवर 'भिंगरी' लिहिलेलं असे. ते नाव धाकट्या बहिणीने दिलं होतं, कारण लहानपणी मी तिला भिंगरी म्हणायचो. तिचं पुढे येईलच. ही सगळी गोष्ट तिच्याच जिवाची आहे.

या सगळ्या फ्रेमांचा न्यायनिवाडा वडूजला व्हायचा. ते काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. पण शर्यतीतली पोरं फ्रेम हातात घेताना पहिला प्रश्न विचारायची, "मिल्ट्रीनं बघितली का?" नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे फ्रेम झाळून झाली की रंग न देता, नुसतं खोबरेल चोळून, खांद्याला अडकवून वडूजची एसटी धरायची, ही आमची रीतच पडली. रंगवलेल्या फ्रेमला ते हात लावत नसत. "रंग म्हंजे पदर," म्हणायचे. "पदराखाली जखम हाय का गोंदन हाय, मला काय ठावं?"

स्टँडवरून त्यांचं घर मैलभर. त्या माळावर वारा कधी थांबत नाही. घर दिसण्याआधी एक आवाज कानावर यायचा, खण्ण, खण्ण, असा. त्यांच्या गोठ्यात जनावर एकही नव्हतं. आढ्यापासून खाली तारांवर लोंबकळत होते ते फ्रेमांचे तुकडे. कुणाची नुसती तिरकी नळी, कुणाचा हँडलकडचा सांधा. वारा आला की सगळे एकमेकांवर आपटायचे. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर गावाचं नाव आणि खोट. 'कराड. ताव जादा.' 'इस्लामपूर. पितळ पोचलं नाही.' 'मिरज. नटवेपणा.' खांद्यावर आपली नवी कोरी फ्रेम आणि समोर ते लोंबकळणारे तुकडे. कसायाच्या दारातून जाणाऱ्या बकऱ्याला काय वाटत असेल, ते मला वडूजला कळलं.

कारण त्यांची अटच तशी होती. अंगणात तुम्हाला सावधान उभं करायचे, पलटणीत करतात तसं. फ्रेम दोन्ही हातांत आडवी धरायला लावायचे आणि विचारायचे.

"कुनी केली?"

"मी."

"बसनार कोन?"

नाव सांगायचं. तेवढ्याने भागत नसे. वय किती, लग्न झालंय का, घरी कोण कोण आहे, आई आहे का, हे सगळं सांगावं लागे. मिरजेवाला एकदा म्हणाला, "काका, फ्रेम बघायची का सोयरीक करायची?" त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "उद्या निरोप कुनाला धाडायचा, त्ये आज म्हाईत असाय पायजे." त्यानंतर मिरजेवालाही हसला नाही.

शेवटी: "खोट निघाली तर हितंच कापीन. मंजूर?"

"मंजूर."

हे तीनदा म्हणवून घ्यायचे. मग खुंटीवरची करवत काढून पायाशी ठेवायचे आणि बघायला बसायचे.

बघायला म्हणतो खरं, पण सुरुवातीला ते डोळे मिटूनच घेत. पितळेचा एक जुना चमचा होता, त्याने नळ्यांवर बारीक टकटक करत जायचे. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढून हँडलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या खाचेत आणायचे, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर काडेपेटीतल्या काडीने मापायचे. अर्ध्या काडीचा फरक म्हणजे नापास. मग अंगठ्याचं नख. ते त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. सांध्यासांध्यावरून ते नख इतकं हळू फिरे की अंगणात उभ्या माणसाला वाटावं, आपल्याच बरगडीवरून चाललंय. आपण सावधान. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

खोट निघाली की बोलत नसत. करवत उचलत.

माझी दुसरीच फ्रेम त्यांनी कापली. कापताना कुरकुर नाही, राग नाही. काकी भेंडी कापत असतील तितक्या शांतपणे. दोन महिन्यांचं काम पाच मिनिटांत दोन तुकडे. मला रडू येत होतं आणि सावधान उभं राहून रडता येत नाही. नंतर त्यांनी कापलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. आत अर्ध्या सांध्यात पितळ शिरलंच नव्हतं. "ह्यावर कोन बसनार म्हनालास?" मी नाव सांगितलं. "त्याची आई हाय म्हनालास न्हवं?" मी मान हलवली. मग काकींनी चहा आणला, आणि त्यांनी कपाच्या कानाला टिचकी मारली.

पास झालेल्या फ्रेमला शाबासकी नसे. "ने," एवढंच. पण त्या 'ने'च्या आधी-मागे ते जे बोलून जात, ते आम्ही जपून ठेवायचो. त्यांना कारागिरी कळे तशी ढबही कळे. मिरजेवाल्याच्या घराण्यात पूर्वी तंबोरे व्हायचे. तो सांध्यांवर वेलबुट्टी कोरायचा. त्याला म्हणाले, "तुझा हात गोड हाय. पर तंबोऱ्यावर मानूस बसत न्हाई रं." कराडवाल्याच्या दणकट फ्रेमला म्हणाले, "ही मोडायची न्हाई. पळायची बी न्हाई. हिला ऊस वडाय लाव." माझ्याबद्दल म्हणाले, "तू लय कानस मारतोस गड्या. कड पातळ दिसली की तुला लय आनंद व्हतो. एक दिस तुझी कानस लोखंडाऐवजी मानूस घासंल."

आता यातली मोठी गंमत सांगतो. हा माणूस आयुष्यात कधी सायकलवर बसला नाही. येत नव्हती. पलटणीत बावीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, पण दुचाकी म्हटली की पाच हात लांब. मी एकदा धीर करून विचारलं.

"भ्या वाटतं," ते सरळ म्हणाले. "बावीस वर्सं मोडलेलं बघितलं. आख्खी गाडी आमच्याकडं कवा आलीच न्हाई. कुठलंबी चाक बघितलं की ते कुठं मोडनार, ते मला आधी दिसतं."

"मग लोक तुमच्याकडं फ्रेमा कशाला आणतात?"

"भेत्यो म्हनूनच. ज्याला भ्या न्हाई, त्यानं फ्रेम बघू ने. आन करूबी ने."

मला तेव्हा हे म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सांगलीच्या सपाट रस्त्यावर ती भल्याभल्या मुलांना मागे टाकायची. त्या वर्षी साताऱ्याला मुलींची शर्यत ठेवली होती: शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन वळायचं आणि तोच घाट उतरून परत. पहिल्या दोघी राज्याच्या निवड शिबिराला जाणार. तिने माझ्यासमोर जुनी जड सायकल आदळली आणि म्हणाली, "दादा, लोकांना भिंगऱ्या करून देतोस. खऱ्या भिंगरीला कधी देणार?"

मी त्या फ्रेममध्ये जीव ओतला. नळ्या होत्या तेवढ्यातल्या सगळ्यात हलक्या. नळ्या जिथे एकत्र येतात तिथल्या लोखंडी बाह्यांच्या कडा मी कानशीने इतक्या पातळ केल्या की बाही कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते, ते बोटाला कळू नये. हँडलच्या खालच्या सांध्याशी, तिरक्या नळीवर, शेवटचे दोन हात मारायचे राहिले होते. कानस सटकली. बाहीच्या कडेला लागून नळीतच एक चरा गेला, नखभर लांब.

सायकल उतारावर जोरात असते, ब्रेक लागतो, तेव्हा सगळा भार नेमका त्या जागेवर येतो. तिथे तुटलं तर पुढचं चाक आणि माणूस वेगवेगळ्या वाटांनी जातात. हे मला पाठ होतं. मी तो चरा कितीदा बघितला असेल. कधी वाटे, नुसता ओरखडा आहे. कधी वाटे, नळी निम्मी खाल्ली गेली. मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. चऱ्यात पितळ भरलं, घासून गुळगुळीत केलं, आणि वडूजची एसटी न धरता फ्रेम रंगवून टाकली. तिला आवडणारा झगझगीत राणी कलर. वर पांढऱ्या अक्षरांत 'भिंगरी'.

करवतीला भ्यालो, दुसरं काय. शर्यत पंधरा दिवसांवर होती. नवी फ्रेम करायला वेळ नव्हता आणि नळ्याही नव्हत्या.

बहिणीने विचारलं, "काकांनी बघितली?"

"त्यांची तब्येत बरी नाही," मी म्हणालो.

तिने अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि सायकल बाहेर काढली. पण त्या पंधरा दिवसांत माझं जेवण सुटलं. ती सरावाला गेली की मी दारात उभा. हरिपूरच्या रस्त्यावर दोन मिनिटं उशीर झाला तरी मी कोपऱ्यापर्यंत चालत जायचो. आली की आधी तिच्याकडे नाही, त्या सांध्याकडे बघायचो. बोलता बोलता अंगठा तिथे जायचा. सपाट रस्त्यावर काही होणार नाही हे कळत होतं. घाट डोळ्यांपुढून हटत नव्हता. सांगावं तर रंगाखालचं सगळंच सांगावं लागलं असतं.

शर्यत रविवारी. आम्ही गुरुवारीच साताऱ्याला मावशीकडे गेलो. शुक्रवारी सकाळी घाटाचा सराव करायचा म्हणून समर्थ मंदिरापाशी आलो, तर तिथल्या चहाच्या टपरीवर बाकाचे पाय हलवून बघत काका उभे. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीतून करवतीची मूठ बाहेर आलेली.

मी जागीच थांबलो. "तुम्ही कसे इथं?"

त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. अक्षर बहिणीचं होतं. तीनच ओळी. दादाने माझी फ्रेम तुम्हाला न दाखवता रंगवली. दादा नीट झोपत नाही. मला काही कळत नाही, पण तुम्ही शुक्रवारी सकाळी साताऱ्याला समर्थ मंदिरापाशी या.

मी तिच्याकडे पाहिलं. ती हातमोज्याचं बटण लावत होती. "तब्येत बरी आहे ना आता काका?" तिने विचारलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काकांनी फ्रेमला हात लावला नाही. दुरूनच राणी कलर बघितला. "रंग उतरव."

"काका, परवा शर्यत आहे."

"मग नगं उतरवू." ते बाकावर टेकले. "मी काय तपासनार न्हाई, कापनार बी न्हाई. एकच सांगतो. वर देवळापातूर जा, आन हिच्यावर बसून खाली ये. ब्रेक कमी. तुझी भन रविवारी येनार, तशी. तू हितं पोचलास की पोरीला बसू दे. मी वडूजला जातो."

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मीही तरुणपणी शर्यती केल्या होत्या. बहीण आणि मी एकाच मापाचे. एका टेम्पोवाल्याने मला सायकलसह वर सोडलं.

यवतेश्वरच्या वरून सातारा सगळा पायाशी दिसतो. समोर अजिंक्यतारा, खाली कौलं आणि पत्रे. मी सायकलवर बसलो. पहिलं वळण मजेत गेलं. दुसऱ्याला वेग आला, वारा कानात भरला, आणि माझी नजर रस्त्यावरून खाली घसरली. हँडलखालच्या त्या सांध्यावर. राणी कलर, नितळ, चकचकीत. त्याच्या आत काय आहे, ते जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात 'टिक्' असा आवाज आला. खडा उडाला असेल, तार वाजली असेल. रस्ता बघायचा तर सांधा दिसत नाही, सांधा बघायचा तर कठडा अंगावर येतोय. कठड्यापलीकडे नुसती हवा. हात ब्रेकवर आवळले गेले, आणि आवळल्यावर लक्षात आलं, भार तिथेच येतोय. सोडवेना आणि धरवेना. तिसऱ्या वळणावर चाक खडीत घुसलं आणि मी पाय टेकून थांबलो.

मग सायकल टेकवून मी कठड्यावर बसूनच राहिलो. खालून एक दूधवाला लुनावर आला. "काय पाव्हनं, पंक्चर काय?"

"हो," मी म्हणालो.

पुन्हा बसायचा प्रयत्न केला. पाय पायडलवर जाईना. तेव्हा मला स्वच्छ दिसलं, की ज्या सायकलवर माझा पाय जात नाही, तिच्यावर मी परवा माझ्या सख्ख्या बहिणीला बसवणार होतो. वर पांढऱ्या अक्षरांत तिचंच नाव लिहून. भीती अनेक प्रकारची असते, पण त्या दिवशी स्वतःची जी वाटली तशी मला पुन्हा कधी कुणाची वाटली नाही.

मी सायकल हातात धरून चालत उतरलो. शेवटच्या वळणावरून टपरी दिसायला लागली. बहीण रस्त्यात येऊन उभी होती. मी चालत येतोय हे तिने लांबूनच पाहिलं. जवळ पोचेपर्यंत तिने दोन्ही हातमोजे काढून कमरेला खोचले होते.

"कुठाय?" तिने विचारलं.

मी बोट ठेवलं. मग सगळं सांगितलं. कानस, चरा, पितळ, रंग. काका ऐकत होते. त्यांनी पिशवीतून करवत काढली आणि माझ्यापुढे धरली. "हिला माझा हात लागायचा न्हाई. तू केलीस, तूच काप."

चाकं आणि हँडल काढून आम्ही फ्रेम बाकावर आडवी ठेवली. टपरीवाला ओरडायला लागला, "आवं, चोरीची हाय काय? माज्या बाकावर नगा भानगड!" बहिणीने त्याला म्हटलं, "माझीच आहे." आणि तिने फ्रेम दोन्ही हातांनी गच्च धरली, हलू नये म्हणून. मी कापायला लागलो. राणी कलरचा भुगा तिच्या मनगटांवर पडत होता. तिने एकदाही मान वर केली नाही.

एक गोष्ट कबूल करतो. मी चऱ्याच्या जागी कापलं नाही. तिथून वीतभर खाली, नळीच्या मधोमध कापलं, मग वरची आडवी नळीही. आत काय आहे ते बघायचा धीर नव्हता. काकांच्या हे लक्षात आलं. त्यांनी पुढचा तुकडा उचलला, पिशवीत घातला, बहिणीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

रविवारी ती मावसभावाच्या कारखान्याच्या सायकलवर बसली आणि तिसरी आली. दुसरीच्या मागे वीस-पंचवीस हात. पहिल्या दोघी शिबिराला गेल्या. सांगलीला परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढे चारपाच महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला तिचा राग चालला असता. तो तुकडा चालत नव्हता. चरा खोल होता का? खोल असेल तर मी बहिणीच्या जिवावर उठलेला माणूस. नसेल तर तिचं आयुष्य मी उगाच करवतीखाली घातलं. दोन्हींपैकी कशाला जास्त भ्यावं, ते ठरेना.

त्यानंतर वडूजला चार फ्रेमा नेल्या, चारही पास झाल्या. दर वेळी गोठ्यात नजर जायची. राणी कलर कुठे लोंबकळताना दिसला नाही. त्यांनी विषय काढला नाही, मी विचारलं नाही. एकदाच, मी सावधान उभा असताना, नख फिरवता फिरवता म्हणाले, "आता कानस बेतानं चालती तुझी." मला पद्मश्री मिळाल्यासारखं झालं.

दशक संपत आलं तेव्हा ते गेले. झोपेतच गेले, पलंगावर. त्या पलंगाचे पाय त्यांनी आदल्या संध्याकाळीही हलवून बघितले होते म्हणे. पुण्यानुमोदनाला मी, मिरजेवाला, कराडवाला, असे सगळे गेलो. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना, आणि मागे गोठ्यात वाऱ्याने खण्ण, खण्ण. वंदना चालू असताना कराडवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "आता रं कुनाला दाखवायचं?" त्याच्या आवाजात जे होतं, तेच माझ्या पोटात होतं. इतकी वर्षं त्या करवतीला शिव्या दिल्या, आणि आता ती नाही म्हटल्यावर आमच्यातल्या एकाचाही हात धड राहिना.

निघताना काकींनी मला आत बोलावलं. काळी पत्र्याची पेटी उघडली आणि तेलकट फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. राणी कलर फडक्याच्या फटीतून दिसला आणि मी गाठ सोडली.

त्यांनी तो सांधा उभा चिरला होता. मी जिथे कापायला भ्यालो होतो, तिथेच. दोन्ही फाकी घासून आरशासारख्या केल्या होत्या. आत पितळ कडेपर्यंत पोचलेलं. आणि चरा? नळीच्या जाडीत तो नखाच्या कडेएवढा उतरला होता, बस्स. खाली लोखंड भरपूर होतं. दहा घाट उतरली असती ती फ्रेम. चिठ्ठीवर त्यांचं टपोरं अक्षर: 'सांगली. खोट नाही.'

"गोठ्यात का नाही लावलं?" मी कसंबसं विचारलं.

"तितं मोडकं लावत्यात," काकी म्हणाल्या. "ही चांगली हुती म्हनायचे. लय वर्सं पेटीतनं काढून बघत बसायचे. म्या म्हनलं, आवं, त्या पोराला सांगा तरी, त्याचा जीव लागला आसंल. तर म्हनले, मी हाय तवर न्हाई सांगायचं. चांगली हुती म्हनून कळलं, तर फुडची फ्रेम न भेता करंल. आन त्या पोरीचं लय वाईट वाटायचं त्यास्नी. पर सांगितलं न्हाई."

वडूजहून सांगलीची एसटी मायणी, विट्यावरून जाते. विट्याला बहीण शाळेत खेळ शिकवायला होती. तिकीट सांगलीचं होतं, तरी मी विट्याला उतरलो. एसटीत दोन तास मी ठरवत होतो, की चरा खोल निघाला असं सांगावं. एक खोटं आधी सांगितलंच होतं, त्यावर दुसरं. तिला समाधान, मला सुटका.

मैदानावर ती शिट्टी गळ्यात अडकवून उभी होती. मला बघून म्हणाली, "गेला होतास का? गर्दी होती?" मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या फडक्याकडे गेलं. मी काही बोलायच्या आत तिने ते घेतलं आणि सोडलं. सायकल शर्यतीतली मुलगी ती. तिला वाचून दाखवावं लागलं नाही. चऱ्यावरून नख फिरवलं. चिठ्ठी वाचली. पुन्हा नख फिरवलं. मैदानावरच्या पोरी ओरडत होत्या, तिने शिट्टी वाजवली नाही.

"म्हणजे मी सुखरूप खाली आले असते," ती म्हणाली.

"हो."

"दुसरी तरी आलेच असते."

"हो गं."

घाटातल्या कठड्यावर बसलो होतो तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. ती बराच वेळ त्या दोन फाकी एकमेकींना लावत आणि वेगळ्या करत राहिली.

"पण तू चालत आलास."

"आलो."

"मग बरोबरच कापली," ती म्हणाली. डोळे पुसले, दोन्ही फाकी फडक्यात बांधल्या आणि आपल्या पर्समध्ये ठेवल्या. माझ्याकडे परत द्यायचा विचारही तिच्या मनात आला नाही. मग मैदानाच्या टोकाला एका हडकुळ्या पोरीकडे बोट दाखवलं. "ती बघ. माझ्यापेक्षा जोरात जाते. तिला एक फ्रेम पाहिजे. रंग लावू नकोस. आधी तू बसायचं, मग मी, मग ती."

"तिच्या घरी कोण कोण आहे?" मी विचारलं.

बहीण माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग एकेक करून सगळे सांगायला लागली. आई आहे, आजी आहे, धाकटा भाऊ आहे. मी मनात नीट लिहून घेतलं. संध्याकाळची सांगली गाडी भरून आली. मी आत चढलो, वरची दांडी दोन्ही हातांनी गदगदा हलवली, आणि मगच धरली.